प्रतिष्ठेविना प्रतिमा : मृणालिनी मुखर्जी यांची शिल्पे आणि देवत्वाचा प्रश्न

मूर्तीत देवत्व येते ते नेमके कशामुळे, या प्रश्नाला भारतीय परंपरेने एकच उत्तर दिलेले नाही, आणि जी उत्तरे दिली ती एकमेकांशी पूर्णपणे जुळतातच असेही नाही. शिल्पशास्त्राच्या ग्रंथांचा भर प्रमाणावर आहे. चेहऱ्याची लांबी हे एकक धरून, ज्याला 'ताल' म्हणतात, मूर्तीचे सारे अवयव मोजून काढावेत, श्रेष्ठ देवतांसाठी दशताल आणि इतरांसाठी त्याहून कमी माप वापरावे, आणि हात, आयुधे, वाहन, मुद्रा ही 'लक्षणे' त्या त्या देवतेच्या ध्यानश्लोकाला धरून असावीत, असे हे ग्रंथ सांगतात. आगमग्रंथांना एवढ्याने समाधान नाही. त्यांच्या मते विधिपूर्वक प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत आणि 'नेत्रोन्मीलन', म्हणजे सोन्याच्या शलाकेने मूर्तीचे डोळे उघडण्याचा संस्कार, पार पडेपर्यंत सर्वलक्षणसंपन्न मूर्तीही निव्वळ द्रव्यच असते. संतांनी प्रमाण आणि विधी या दोहोंना बाजूला सारून भाव तेवढा खरा मानला. आणि गावोगावच्या देवस्थानांत जो शेंदूर माखलेला 'तांदळा', म्हणजे न घडवलेला स्वयंभू पाषाण, पिढ्यान्‌पिढ्या पुजला जातो, त्याच्या बाबतीत तर शिल्पकार, माप आणि लक्षण हे प्रश्न मुळात उद्भवतच नाहीत.

ही चारही उत्तरे ज्या कलाकृतींपुढे अपुरी पडतात, अशा काही आधुनिक कलाकृतींत मृणालिनी मुखर्जी यांच्या शिल्पांची गणना करावी लागते. 'देवी' आणि 'रुद्र' (१९८२), 'यक्षी' (१९८४), 'वनश्री' (१९९४), 'अरण्यानी' (१९९६) ही त्यांच्या शिल्पांची नावे पाहिली तर एखाद्या मूर्तिशास्त्रीय सूचीचे पान उघडले आहे असे वाटावे. परंतु त्या 'देवी'ला आयुधे नाहीत, 'रुद्रा'ला त्रिशूळ नाही, 'यक्षी'ला चेहरासुद्धा नाही, आणि या सगळ्या आकृती दगडात किंवा पंचधातूत नव्हे, तर बाजारात मिळणाऱ्या वाखाच्या दोराला हाताने गाठी मारून उभ्या केलेल्या आहेत. त्यांची प्रतिष्ठा झालेली नाही, त्यांना नैवेद्य दाखवला जात नाही, आणि त्या घडल्या त्याच मुळी कलादालनासाठी. असे असूनही माणसाच्या उंचीच्या, कधी त्याहूनही उंच अशा या आकृतींसमोर उभा राहणारा प्रेक्षक बहुधा तेच शब्द वापरतो जे गाभाऱ्यातून बाहेर आलेला भाविक वापरतो. हा निव्वळ शीर्षकांचा प्रभाव आहे असे म्हणून विषय मिटवता येईल, पण तसे करणे म्हणजे शिल्पाकडे न पाहता त्याच्या पाटीकडे पाहणे होय.

मृणालिनी मुखर्जी यांचा जन्म १९४९ साली मुंबईत झाला, पण त्यांची जडणघडण झाली ती डेहराडूनला आणि सुटीच्या दिवसांत शांतिनिकेतनला. वडील बिनोदबिहारी मुखर्जी हे नंदलाल बोस यांचे शिष्य. शांतिनिकेतनच्या हिंदी भवनातील मध्ययुगीन संतांवरचे त्यांचे भव्य भित्तिचित्र १९४६-४७ मधले आहे. आई लीला मुखर्जी लाकडात शिल्पे कोरीत आणि डेहराडूनच्या शाळेत कला शिकवीत. बिनोदबिहारींची दृष्टी जन्मापासूनच अधू होती आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर, ती पूर्णपणे गेली. तरीही त्यांनी काम थांबवले नाही, कागद कापून चिकटवून चित्रे केली, मेणाच्या लहान आकृती बोटांनी घडवल्या, भित्तिचित्रेही केली. सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला तो याच कारणासाठी. चरित्रातील तपशिलांवरून कलेचा अर्थ लावण्याची सवय फारशी विश्वासार्ह नसते. येथे मात्र एवढे नोंदवणे भाग आहे की ज्या घरात वडील स्पर्शाने पाहत होते आणि आई लाकडाच्या रेषेला हाताने उत्तर देत होती, त्या घरातील मुलीने आयुष्यभर ज्या पद्धतीने काम केले तिच्यात आधी रेखाटन नव्हते, नमुना नव्हता, जे काही ठरत होते ते बोटांतच ठरत होते.

बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९६५ पासून त्यांनी चित्रकलेचे शिक्षण घेतले आणि पुढे के. जी. सुब्रमण्यन यांच्या मार्गदर्शनाखाली भित्तिशिल्पाचा अभ्यास केला. सुब्रमण्यन हे मूळचे केरळचे, शांतिनिकेतनात शिकलेले, आणि बडोद्याला येऊन स्थिरावल्यावर काही काळ हातमाग मंडळातही काम केलेले. परंपरा म्हणजे जुन्या आकृतींचे भांडार नसून हातांत टिकून राहिलेली एक भाषा आहे, जिच्यात नवी वाक्ये बोलता येतात, ही त्यांची भूमिका त्यांच्या 'द लिव्हिंग ट्रॅडिशन' या ग्रंथात सविस्तर आलेली आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना माती, काच, दोरे, लाकूड अशा साध्या द्रव्यांकडे वळवले, आणि मृणालिनींच्या हाती वाखाचा दोर आला तो याच वातावरणात. त्या काळी पाश्चात्त्य देशांतही तंतूंची शिल्पे होत होती. पोलंडच्या मागदालेना आबाकानोविच यांच्या प्रचंड विणलेल्या आकृती १९६० च्या दशकातच गाजल्या होत्या. त्यामुळे मुखर्जींना 'तंतुकले'च्या खणात टाकण्याची घाई अनेकांनी केली. भारतात याच्या उलट अडचण होती : दोराच्या गाठी ही हस्तव्यवसायाची बाब, शिल्पकलेची नव्हे, असे मानणाऱ्यांना ही कामे कोठे मांडावीत तेच कळेना. दोन्ही बाजूंची गल्लत द्रव्याच्या प्रतिष्ठेविषयीची होती.

काम होत असे ते असे. दोराची लडी विकत आणायची, पीळ सोडवून जाडी एकसारखी आहे का ते निवडून पाहायचे, मग हवा तो रंग देऊन घ्यायचा; मोहरीसारखा पिवळा, गर्द जांभळा, मातकट तांबडा, शेवाळी हिरवा हे रंग त्यांच्या शिल्पांत पुनःपुन्हा दिसतात. लोखंडी सळ्यांचा सांगाडा उभा करून त्यावरून दोर सोडायचे, आणि वरून खाली गाठीमागून गाठ मारत जायचे. माग नाही, सुई नाही. पडदे आणि कुंड्यांच्या शिंकाळ्यांसाठी वापरली जाणारी मॅक्रमेची गाठ हीच येथली मूळ गाठ. पण ती इतकी घट्ट आणि इतक्या संख्येने बसवलेली की दोराचे कापड होते, कापडाला घडी पडते, घडीला वळण मिळते, आणि वळणाचा पोकळ भाग स्वतःच्या ताणावर उभा राहतो. एकेका मोठ्या शिल्पाला अनेक महिने लागत. दगडात कोरणारा शिल्पकार द्रव्य काढून टाकत जातो, मातीत घडवणारा ते चढवत जातो. येथे या दोहोंपेक्षा वेगळे काही घडते, कारण आकृतीचे पृष्ठ आणि तिची रचना या दोन गोष्टी नाहीतच, जी गाठ डोळ्यांना दिसते तीच आकृतीला तोलून धरते.

आता शास्त्राकडे वळावे. भागवताच्या अकराव्या स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत : शिलेची, लाकडाची, धातूची, लेप देऊन केलेली, चितारलेली, वाळूची, रत्नाची आणि मनोमय. या यादीत वाळू आहे, जी संध्याकाळपर्यंत टिकणार नाही, आणि मन आहे, जे द्रव्यच नव्हे. दोर मात्र नाही. तेव्हा मुखर्जींचे द्रव्य परंपरेबाहेरचे, असा निष्कर्ष सहज निघतो. परंतु लेपाच्या मूर्ती प्रत्यक्षात कशा होत हे वैखानस आगमात आणि केरळच्या श्रीकुमाराने सोळाव्या शतकात रचलेल्या 'शिल्परत्न' या ग्रंथात पाहिले, तर चित्र बदलते. अशा मूर्तीसाठी प्रथम लाकडाचा 'शूल', म्हणजे सांगाडा, उभारतात. त्याभोवती दोर गुंडाळतात, या क्रियेला रज्जुबंध म्हणतात. मग संस्कारित मातीचे थर देतात, त्यावर वस्त्र बसवतात आणि शेवटी रंग देतात. ग्रंथकारांच्या दृष्टीने ही केवळ कारागिरी नाही. शूल म्हणजे अस्थी, दोर म्हणजे नाड्या, माती म्हणजे मांस, वस्त्र म्हणजे त्वचा, असे हे एक देहच आहे, आणि प्राण संचारायचा तो त्या नाड्यांतून. केरळात या पद्धतीला कडुशर्करा म्हणतात. तिरुवनंतपुरमच्या पद्मनाभस्वामींची शयनमूर्ती याच पद्धतीची आहे. पुरीच्या जगन्नाथाच्या दारुमूर्तीवरही नवकलेवराच्या, म्हणजे जुनी मूर्ती बदलून नवी घडवण्याच्या, वेळी रेशमी धागे, राळ आणि कापड यांचे थर चढतात.

म्हणजे दोर देवाच्या देहात आधीपासून होताच, फक्त तो आत होता. मुखर्जींच्या शिल्पांचे मूर्तिशास्त्रीय महत्त्व, प्रस्तुत निबंधाच्या मते, येथे आहे : लाकडी सांगाड्याच्या जागी लोखंडी सळी आली, मांस आणि त्वचा गळून गेली, आणि जी नाडी शास्त्राने झाकून ठेवली होती तिचीच आकृती झाली. त्यांनी हे ग्रंथ समोर ठेवून काम केले असा दावा येथे नाही आणि त्याची गरजही नाही. परंपरा हातांतून चालते हे सुब्रमण्यन यांचे म्हणणे मान्य केले, तर एकाच प्रकारचा प्रश्न सोडवणारे हात एकाच प्रकारच्या उत्तरापाशी येऊन पोहोचतात, यात आश्चर्य वाटण्याचे कारण उरत नाही.

यक्ष-यक्षींकडे वळण्यामागेही असाच एक मागे जाण्याचा ओघ दिसतो. आनंद कुमारस्वामी यांनी 'यक्षाज्' या दोन भागांच्या ग्रंथात (१९२८ आणि १९३१) असे दाखवून दिले की वृक्ष, जल आणि सुफलतेशी निगडित असलेल्या यक्षांची उपासना ही बुद्ध आणि पौराणिक देवांच्या मूर्तींच्या आधीची आहे, आणि पुढच्या मूर्तिकलेने आपला देह याच उपासनेकडून उचलला आहे. मथुरेच्या संग्रहालयातील पारखमचा यक्ष किंवा १९१७ मध्ये पाटण्याजवळ गंगेकाठी सापडलेली दीदारगंजची यक्षी पाहिली की हे पटते. या मूर्तींत कथा नाही, प्रसंग नाही, फक्त समोर येऊन उभे राहणे आहे. वैदिक वाङ्मयातही ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अरण्यानीसूक्तात जी देवता येते तिला रूप जवळजवळ नाहीच, ती अरण्याच्या आवाजांतून जाणवते; आणि यजुर्वेदातील शतरुद्रीयातला रुद्र वृक्षांचा, वनांचा, वाटांचा स्वामी आहे, कैलासावरचा गृहस्थ नव्हे. 'रुद्र' आणि 'अरण्यानी' ही नावे निवडणाऱ्या कलावंताने पुराणांच्या अलीकडे न थांबता त्यांच्या पलीकडे पाहिले आहे, हे उघड आहे.

त्यांच्या 'आदिपुष्प' या शिल्पात तर फूल आणि जननेंद्रिय यांच्यामधली सीमारेषाच पुसून टाकलेली आहे. पाकळी म्हणावी तर ती ओठासारखी उघडते, आणि आतल्या पोकळीतून केसर म्हणावा असा उंचवटा वर येतो. यावर अश्लीलतेचा किंवा फ्रॉइडचा शिक्का मारणाऱ्या समीक्षकांनी लज्जागौरीची मूर्ती आठवायला हवी होती. मस्तकाच्या जागी विकसित कमळ, प्रसवमुद्रेतले पाय, चेहरा नाही, अशी ही देवी तेर आणि भोकरदनपासून बदामीपर्यंत सापडते, आणि रा. चिं. ढेरे यांनी 'लज्जागौरी' या ग्रंथात तिचा संबंध भूमीच्या आणि मातृत्वाच्या आदिम उपासनेशी जोडून दाखवला आहे. ज्या परंपरेने देवीच्या मानेवर कमळ बसवले, तिला फुलातच देवी दिसली तर त्यात परंपराभंग नसून परंपरेचा पुढचा टप्पा आहे.

तरीही एका ठिकाणी मुखर्जींनी परंपरेशी फारकत घेतली आहे, आणि ती लहान नाही. त्यांच्या आकृतींना डोळे नाहीत. भारतीय उपासनेत दर्शन ही दुहेरी क्रिया आहे. भक्त देवाला पाहतो आणि देव भक्ताला पाहतो, म्हणूनच नेत्रोन्मीलनाला एवढे महत्त्व. अगदी निराकार तांदळ्यालासुद्धा लोक चांदीचे डोळे बसवतात, कारण ज्याला आपण दिसत नाही त्याच्यापुढे गाऱ्हाणे मांडायचे कसे? 'यक्षी'समोर उभ्या राहणाऱ्या माणसाला ही सोय नाही. घड्यांच्या आत अंधार आहे, उभारलेल्या शिरोभागाला फणेसारखा किंवा मुकुटासारखा आकार आहे, एकूण ठेवण सन्मुख आहे, म्हणजे दर्शनाची सारी मांडणी केलेली आहे. फक्त उलटून येणारी नजर तेवढी काढून घेतली आहे. स्वतः मुखर्जींनी सांगितले आहे की त्यांच्या मनात कोणत्याही एका धर्माची मूर्तिव्यवस्था नव्हती, त्यांची पुराणकथा त्यांची स्वतःची आणि रूढीपासून सोडवलेली होती, आणि देवळाच्या लहानशा गाभाऱ्यात शिरल्यावर वर पाहताच जे दडपण येते ते त्यांना अभिप्रेत होते. म्हणजे पूज्य वस्तू नव्हे, तर पूज्यतेचा पहिला क्षण.

काव्यशास्त्राच्या भाषेत यावर एक तयार उत्तर आहे, ते म्हणजे हा अद्भुत रस होय. भट्टनायक आणि त्यांच्यानंतर अभिनवगुप्त यांनी रसास्वाद हा ब्रह्मास्वादाच्या जवळचा मानला, पण त्याहून वेगळाही मानला, आणि त्या वेगळेपणाचे कारण 'साधारणीकरण' हे आहे : नाटकातील भय किंवा शोक कोणा एकाचा न राहता सर्वसामान्य होतो, प्रेक्षक त्यात गुंततो परंतु त्याला स्वतःसाठी काही मागायचे नसते. मुखर्जींच्या शिल्पांना हे उत्तर बऱ्याच अंशी लागू पडते. पूर्णपणे मात्र नाही. रसाला विभाव लागतात, म्हणजे राम, सीता, स्मशान, वसंत असे ओळखीचे निमित्त लागते, आणि येथे असे निमित्त शीर्षकाखेरीज कोठेच नाही. भक्ताच्या दर्शनाला देवता कोण हे माहीत असावे लागते, रसिकाच्या आस्वादाला भाव कोणता हे जाणवावे लागते. या आकृती दोन्हींच्या अलीकडच्या अवस्थेत प्रेक्षकाला थांबवतात, जेथे समोर काहीतरी आहे एवढेच निश्चित असते. धर्माच्या इतिहासात नावाआधी अशी एक अवस्था असली पाहिजे असे अभ्यासक तर्काने सांगतात. त्या तर्काचा प्रत्यक्ष अनुभव देणारी आधुनिक भारतीय शिल्पे थोडी आहेत, आणि त्यांतली सर्वात समर्थ शिल्पे मुखर्जींची आहेत.

पुढच्या काळात त्यांनी द्रव्य बदलले. १९९६ मध्ये नेदरलँड्समधील सिरॅमिक केंद्रात त्यांनी भाजल्या मातीत काम केले आणि २००० नंतरच्या दशकात त्या ब्राँझकडे आल्या. तेथे त्यांनी वापरलेली पद्धत जुनीच, मधूच्छिष्टविधानाची, म्हणजे मेणाचा नमुना करून त्यावर मातीचा साचा चढवण्याची आणि मेण वितळवून त्या पोकळीत धातू ओतण्याची. कल्याणीच्या चालुक्य वंशातील सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात या विधीचे वर्णन आहे. फरक इतकाच की तमिळनाडूतील स्वामीमलैचे पारंपरिक मूर्तिकार, म्हणजे स्थपती, ठरलेल्या प्रमाणाने मेण घडवतात, तर मुखर्जींनी मेणाला ताडाच्या झावळ्यांचे आणि पानांचे रूप घेऊ दिले. ही शिल्पे देखणी आहेत. पण दोराच्या आकृतींचा दरारा त्यांत उतरलेला नाही, आणि धातूच्या टिकाऊपणामुळे तो उतरणे कदाचित शक्यही नव्हते.

टिकाऊपणाचा हा मुद्दाच शेवटी या शिल्पांना मूर्तींपासून वेगळे करतो. तंजावर जिल्ह्यातील पत्तूरचा नटराज चोरीला जाऊन लंडनला पोहोचला तेव्हा तेथील न्यायालयात मंदिराचा दावा मान्य झाला आणि १९९१ मध्ये मूर्ती भारतात परत आली. देव संग्रहालयात गेला तरी देवच राहतो, असा त्या निर्णयाचा अर्थ भाविकांनी लावला. मुखर्जींच्या 'देवी'ला परत जाण्यासाठी गाभारा नाही. वाखाचा रंग उजेडाने विटतो, दोर स्वतःच्या वजनाने सैल पडतो, कीड लागू शकते. मूर्ती जीर्ण झाली तर शास्त्रात जीर्णोद्धाराची तरतूद आहे : प्राण काढून घ्यावा, जुने द्रव्य विसर्जित करावे, नव्याने प्रतिष्ठा करावी, पुरीत हे १९९६ मध्ये झाले आणि २०१५ मध्ये पुन्हा झाले. संग्रहालयाला हा मार्ग मोकळा नाही, कारण तेथे देवता नव्हे, तर विशिष्ट हातांनी मारलेली विशिष्ट गाठच मौल्यवान आहे, आणि ते हात आता नाहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१५ च्या जानेवारीअखेर मृणालिनी मुखर्जी यांचे सिंहावलोकन प्रदर्शन उघडले आणि त्यानंतर काही दिवसांतच, २ फेब्रुवारीला, त्यांचे निधन झाले. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले. ही शिल्पे अजून सुस्थितीत आहेत तोवर मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे आधुनिक कलेचा विषय म्हणून पाठ न फिरवता त्यांची नोंद आपल्या ग्रंथांत करावी.